निळ्या ताडपत्रीखालची कोथिंबीर

पावसाळ्यात आमच्या मंडईबाहेर भाजीवाल्या मावशी निळी ताडपत्री ताणतात. तिच्याखाली सगळंच निळसर: कोथिंबीर, तागडी, मावशींचे हात. मी फोटो काढला, तर मोबाइलने तो निळेपणा परस्पर पुसून टाकला. कोथिंबीर जाहिरातीतल्यासारखी हिरवीगार!

हे ‘ऑटो’ मला खटकतं. पांढरं ते पांढरंच दिसावं, या हट्टापायी ते उजेडाचा रंगच काढून घेतं. मी आता व्हाइट बॅलन्स हाताने ५५०० केल्विनवर, म्हणजे भर उन्हाच्या आसपास ठेवतो. मग पिवळा बल्ब पिवळाच उमटतो आणि उन्हातली सावली निळी. डोळाही ‘ऑटो’सारखीच लबाडी करतो म्हणा, पण त्याला निदान दटावता येतं.

कृष्णधवल छायाचित्रांनाच कला मानायचे, त्या काळात छायाचित्रकार रघुबीर सिंग रंगीत फिल्म घेऊन देशभर फिरले. आपण मात्र खिशात कॅमेरा असून फिल्टर शोधत बसतो.

परवा मावशींना असा काढलेला निळसर फोटो दाखवला. “काका, भाजी शिळी दिसतीय की! पुसा तो.”

नाही पुसला. टोमॅटोच्या ढिगावर मात्र त्यांनी लाल छत्री धरलेली होती.