लाकडाचा विटाळ

बास हा अमेरिकेतल्या तळ्यांतला मासा, आणि त्याच्या मागे ताशी सत्तर मैलांनी बोट पळवणं हा तिथलाच शौक. या वेगवान बोटींच्या जुन्या बाजारात लाकडाचा मोठा विटाळ आहे. 'नो वूड' म्हटलं की किंमत चढते. आत प्लायवुड आहे असं कळलं की गिऱ्हाईक काढता पाय घेतं. हे सोवळं आम्हाला पटत नाही.

पहिली बास बोट म्हणून जिचं नाव घेतात ती स्कीटर, होम्स थरमंड यांनी 1948 मध्ये लुइझियानात बांधली, तीच मुळी प्लायवुडची. पुढे फायबरग्लास आलं, तरी तळाला मजबुती देणाऱ्या लांब पट्ट्यांत, म्हणजे स्ट्रिंगरमध्ये, आणि इंजिन पेलणाऱ्या मागच्या फळ्यात, म्हणजे ट्रान्सममध्ये, बऱ्याच कारखानदारांनी लाकूडच ठेवलं. हलकं, स्वस्त आणि दणके सोसणारं. आर्कान्सात 1968 साली रेंजर बोटी सुरू करणाऱ्या गृहस्थांचं तर आडनावच वूड!

मग हे लाकूड कुजतं कशानं? मासे दाखवणाऱ्या सोनारचा ट्रान्सड्यूसर बसवताना मालक ट्रान्समला पाण्याच्या रेषेखाली दोन-तीन भोकं पाडतो आणि सीलंट भरायचा कंटाळा करतो. तिथून पाणी झिरपतं, प्लायवुडला बुरशी धरते. वरचा जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, मात्र आरशासारखा चकचकीतच असतो. त्याच फळ्यावर सव्वादोनशे किलोचं इंजिन टांगलेलं. जॅकप्लेट लावून ते फूटभर मागे सरकवलं असेल, तर ओढ आणखी वाढते.

'नो वूड' बोटींत लाकडाऐवजी असतो तो कंपोझिटचा गाभा कुजत नाही, हे कबूल. पण अशाच भोकांतून पाणी शिरून त्याचेही थर सुटू शकतात. आणि तळाखालचा तरंगता फोम पाणी पिऊन बसला, की बोट जड होते, वेग पडतो. तो फोम दोन्हींत असतो.

म्हणून बोट कशाची आहे हे नंतर विचारा. आधी ट्रान्समवर प्लास्टिकची हातोडी हलकेच ठोकत जा. टणक आवाज मध्येच भद्द झाला, की थांबा. इंजिन थोडं वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर भार द्या आणि फळा लवतो का, कोपऱ्यांत चिरा आहेत का, ते बघा. मग ट्रान्सड्यूसरचा सगळ्यात खालचा स्क्रू काढायला सांगा. तपकिरी पाणी ओघळलं किंवा ओला भुसा निघाला, तर सौदा तिथेच संपला. आणि विकणारा स्क्रूला हातच लावू देत नसेल, तर बोट कंपोझिटची असली तरी घेऊ नका.