बांधाला मनाई हुकूम, मुलीला काय?

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मार्गासनी लागते. तेथूनच साखर-गुंजवण्याकडे राजगडाची वाट फुटते. १८ जून २०२३ रोजी त्याच राजगडाच्या पायथ्याशी एका तरुणीचा मृतदेह सापडला. लोकसेवा आयोगाची परीक्षा ती नुकतीच उत्तीर्ण झाली होती. विवाहास नकार दिल्यामुळे परिचयातील तरुणाने तिची हत्या केली, असा पोलिसांचा आरोप आहे. नऊ दिवसांनी पुण्याच्या सदाशिव पेठेत कोयता घेऊन एका तरुणीमागे धावणाऱ्यास रस्त्यावरच्या तरुणांनी अडवले, म्हणून ती वाचली. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका अध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले होते. अशा प्रत्येक घटनेनंतर मोर्चे निघतात आणि फाशीची मागणी होते. परंतु हत्येच्या आधीचे जे महिने असतात, फोनचे, धमक्यांचे, कॉलेजच्या फाटकाशी उभे राहण्याचे, त्या महिन्यांत कायदा त्या मुलीला काय देतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

वेल्हे-भोर भागातील शेतकऱ्याला 'मनाई हुकूम' हा शब्द नवा नाही. शेजाऱ्याने बांध कोरला, विहिरीची वाट अडवली, की तो वकिलाकडे जातो आणि तूर्तातूर्त मनाई मागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३९व्या आदेशाखाली न्यायालय तो हुकूम देऊ शकते, आणि विलंबाने दाव्याचा हेतूच निष्फळ होणार असेल तर प्रतिवादीस नोटीस बजावण्यापूर्वीही देऊ शकते. ज्या पुरुषाशी एकेकाळी प्रेमसंबंध होते आणि जो आता पाठ सोडत नाही, त्याच्याविरुद्धही तत्त्वतः हीच वाट स्त्रीला मोकळी आहे. व्यवहारात मात्र ती बहुधा त्या वाटेने जात नाही, आणि याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. हुकूम मोडला तर पोलीस धावून येत नाहीत; तिनेच पुन्हा अर्ज करायचा, मोडल्याचा पुरावा द्यायचा, मग फार तर प्रतिवादीच्या मालमत्तेवर जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. कोरलेला बांध पुन्हा घालता येतो, म्हणून तेथे ही सावकाशी चालून जाते.

पत्नीची स्थिती याहून बरी आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने दंडाधिकाऱ्याकडून संरक्षण आदेश मिळतो आणि तो मोडणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा ठरतो. विवाहासारखे एकत्र राहिलेल्या स्त्रीलाही तो आधार आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात त्याची सीमा आखून दिली: एका घरात संसार केलेला असला पाहिजे. म्हणजे जिने वेळीच 'नको' म्हटले, संसार थाटण्यापूर्वीच जी मागे फिरली, ती या छत्राबाहेर राहिली.

राहिला फौजदारी कायदा. स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवूनही वारंवार पाठलाग करणे हा २०१३ पासून गुन्हा आहे; १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पूर्वी प्रेम होते की नव्हते, याला तेथे महत्त्व नाही. नापसंती कळवल्यानंतर काय घडले, एवढेच पाहायचे. हे योग्यच झाले. पण पहिल्या वेळचा गुन्हा जामीनपात्र ठेवण्यात आला. याचा परिणाम वाटतो त्याहून खोल आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो, आणि हक्काच्या जामिनाला 'तिच्या जवळ फिरकू नकोस' अशी अट घालता येत नाही. २०२१ मध्ये अपर्णा भट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, जामीन देताना पीडितेशी संपर्क होणार नाही याची काळजी घ्या, असे खालच्या न्यायालयांना बजावले. त्या बजावण्याचा उपयोग येथे होत नाही. तक्रार केल्याच्या दिवशी संध्याकाळी तो घरी परततो, आणि आता तो चिडलेलाही असतो. उरते ती 'चॅप्टर केस': कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे शांततेचा बंधपत्र, आणि बहुधा दोघांनाही एकाच मापाने दिलेली समज.

या छळाचा खर्च कोण सोसतो, हेही पाहिले पाहिजे. वकील स्त्रीला मोफत मिळू शकतो. १९८७च्या विधी सेवा कायद्यात त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. एसटीचे तिकीटही मार्च २०२३ पासून अर्धे झाले आहे. खरा खर्च वेगळाच असतो. पाठलाग त्याने करायचा आणि कॉलेज तिने सोडायचे, पुण्यातली खोली तिने रिकामी करायची, घाईचे लग्न तिचे लावायचे. खेड्यातून पहिल्यांदाच शिकायला बाहेर पडलेल्या मुलीच्या बाबतीत हा दंड आयुष्यभराच्या मिळकतीवर बसतो, आणि कोणत्याही न्यायालयाने तो ठोठावलेला नसतो.

यावर उपाय इतरत्र झाले आहेत. ब्रिटनने १९९७च्या कायद्याने कोणत्याही छळाविरुद्ध मनाई हुकूम देऊन तो मोडणे गुन्हा ठरवले. २०१९च्या कायद्याने तर पीडितेच्या वतीने पोलिसांनीच न्यायालयात जावे अशी सोय केली. तामिळनाडू विधानसभेने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या जुन्या छेडछाडविरोधी कायद्यात संरक्षण आदेशाची भर घातली. महाराष्ट्राने काय केले? डिसेंबर २०२१ मध्ये फाशीचा गाजावाजा करीत 'शक्ती' विधेयक संमत केले. त्याला राष्ट्रपतींची संमती लाभली नाही. तामिळनाडूच्या साध्या दुरुस्तीला गर्जना लागली नाही.

अशा आदेशाचा एक धोका मात्र नजरेआड करता कामा नये. परजातीच्या मुलावर मुलीचे प्रेम जडले, की तिचे आईबापच 'पाठलागाची' तक्रार घेऊन धावतील. म्हणून अर्ज करण्याचा अधिकार सज्ञान स्त्रीचा स्वतःचाच असावा, आणि दंडाधिकाऱ्याने तिचा जबाब नातेवाइकांना बाहेर बसवून घ्यावा. आदेश चोवीस तासांत निघावा, त्याची प्रत दोन्ही ठिकाणच्या पोलीस ठाण्यांत, ती शिकते तेथील व तो राहतो तेथील, त्याच दिवशी पोचावी. आणि तो मोडणे हा अजामीनपात्र गुन्हा असावा. पुढील अधिवेशनात एवढे चार कलमांचे विधेयक मांडण्यास शासनाला कोणाची हरकत आहे, हे विरोधी आमदारांनी सभागृहातच विचारावे.