थंडीत जाळा, नाहीतर चैत्रात जळेलच

मागच्या मार्चमधल्या एका शनिवारी रात्री साडेनऊला ग्रुपवर एक फोटो आला. काळ्या पार्श्वभूमीवर नारिंगी रंगाची वेडीवाकडी रेघ. खाली एकच ओळ : "आपली टेकडी."

आपली म्हणजे सातबारा आमच्या नावावर नाही. पण पुण्यापासून तासाभरावरच्या त्या टेकडीवर सहा पावसाळे आम्ही खड्डे खणलेत. कंपनीचे टी-शर्ट घालून रोपं लावलीत, उन्हाळ्यात खांद्यावरून पाण्याचे कॅन नेलेत आणि (खोटं कशाला बोलू) भरपूर फोटोही काढलेत. त्यामुळे मिळेल त्या गाडीत बसून निघालो. हिरव्या फांद्या तोडून रात्री दोनपर्यंत आग झोडपत होतो. आग विझली, पण आमच्यामुळे नाही. पुढे कातळ आला, गवत संपलं, म्हणून विझली. माझ्या ट्रेकिंग शूजचे तळवे वितळले. शेजारी वनखात्याचा एक हंगामी मजूर होता, त्याच्या पायात रबरी स्लिपर होत्या. त्याचा पाय भाजला.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर निकाल लागला होता. गुराख्यांनीच लावली. धरून फोडा. जन्मठेप द्या. ड्रोन सोडा. मीही त्यात दोन-तीन कडक मेसेज टाकले.

आज हे लिहितोय ते त्या मेसेजेसची परतफेड म्हणून. माझं आता स्पष्ट मत झालंय की त्या रात्री जे जळलं त्यातला निम्मा दोष काडी ओढणाऱ्याचा असेल, पण उरलेला निम्मा आमचा होता. आमचा म्हणजे शहरातल्या, सुशिक्षित, निसर्गप्रेमी वगैरे लोकांचा. "डोंगरावर एकही ठिणगी पडता कामा नये" हे आमचं ब्रीदवाक्यच डोंगर जाळतंय.

थांबा, लगेच शिव्या घालू नका. आधी मान्य असलेल्या गोष्टी मान्य करून टाकतो.

सह्याद्रीतले वणवे बहुतेक सगळे माणूसच लावतो. फेब्रुवारी ते एप्रिल आपल्याकडे वीज पडून आग लागण्याची शक्यता नगण्य. कोणी बिडी टाकतो, कोणी शेताचा बांध जाळतो, कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजताना आग निसटते, विदर्भात मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून झुडपं जाळतात. "जाळलं की गवत चांगलं येतं" हा समजही खोलवर रुजलेला आहे. तो अर्धाच खरा आहे. जाळल्यावर कोवळं गवत लवकर दिसतं, पण दरवर्षी ऐन उन्हाळ्यात उतार जाळला तर जूनचा पहिला पाऊस उघड्या मातीवर पडतो आणि माती ओढ्यात जाते. शिवाय टिटवी, रातवा, चंडोल असे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी नेमके याच दिवसांत घरटी करतात. तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये डोंगर पेटवणाऱ्याची वकिली मी करत नाहीये.

माझा प्रश्न वेगळा आहे. ठिणगी शून्यावर आणणं शक्य आहे का? आणि नसेल, तर आपण नेमकं काय करायला हवं?

आगीला तीन गोष्टी लागतात : उष्णता, प्राणवायू आणि इंधन. सह्याद्रीचा उन्हाळा आपल्या हातात नाही. वारा आपल्या हातात नाही. लाखो माणसं वावरतात तिथे ठिणगी पूर्ण थांबवणंही आपल्या हातात नाही. हातात उरतं फक्त इंधन, म्हणजे वाळलेलं गवत आणि पाचोळा. आणि नेमकं त्याच्याकडे कोणी बघत नाही.

हिशोब साधा आहे. पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढतं. दिवाळीपर्यंत वाळायला लागतं. पूर्वी ते विळ्याने कापलं जायचं, गाडीत भरून घरी जायचं, उरलेलं गुरं खायची. आमच्या टेकडीखालच्या गावात आता गुरं मोजकी राहिलीत, पोरं एमआयडीसीत कामाला आहेत, आणि टेकडीला आमच्याच प्लांटेशनसाठी तारेचं कुंपण आहे. चराई बंद, कापणी बंद. सहा वर्षं आम्ही तिथे रोपं वाढवत होतो असं आम्हाला वाटत होतं. प्रत्यक्षात सरपण साठवत होतो. आपल्या धंद्याच्या भाषेत याला टेक्निकल डेट म्हणतात. आज साफसफाई टाळली की आज काहीच होत नाही, कर्ज फक्त वाढत जातं. मग एका शनिवारी रात्री साडेनऊला सगळी वसुली एकदम होते.

हे मला कोणत्याही रिपोर्टने नाही, त्या गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या एका मामांनी समजावलं. वणव्यानंतरच्या रविवारी मी जरा घुश्शातच त्यांना विचारलं, "मामा, तुमच्या वेळी पण अशीच आग लावायचे का लोक?" ते म्हणाले, "लावायचो की. पर थंडीत. पाटं दव असतंय, आग रांगत जाती, सांजंला आपसूक विझती. तुमी चैतापतुर गवत राखता, मंग ती रांगत न्हाई, पळती."

रांगणारी आग आणि पळणारी आग. जगभरच्या वनशास्त्राचा सारांश या दोन क्रियापदांत आहे. गवताच्या तळाशी ओल असताना, वारा पडलेला असताना लावलेली आग गुडघ्याच्या खाली राहते, मोठ्या झाडांची साल फक्त काळी करते आणि जागोजागी न जळलेले तुकडे सोडून जाते. तीच आग एप्रिलच्या दुपारी चढावर लागली की झाडाच्या शेंड्यापर्यंत जाते आणि काहीच सोडत नाही.

हा अडाणीपणा वाटत असेल तर थोडा इतिहास बघू. जंगलातून आग हद्दपार करायची हे धोरण आपल्याकडे इंग्रजांनी आणलं. १८६५ साली राखीव झालेलं सातपुड्यातलं बोरीचं जंगल हे त्यांचं सुरुवातीचं यश. आदिवासींची आग म्हणजे रानटीपणा, असं मानून हाच नमुना देशभर नेला. पण पुढच्या काही दशकांत खुद्द इंग्रज वनाधिकारीच तक्रार करू लागले की ब्रह्मदेशात सागाची आणि बंगाल-आसामात सालाची नवी रोपं येईनाशी झालीत, खाली झुडपांचं रान माजलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्यांनीच तिथे नियंत्रित जाळणं परत आणलं. साहेबाने चूक केली, साहेबाने सुधारली. आपण मात्र त्याची चूकच तेवढी जपून ठेवली.

अमेरिकेचंही तेच. १९१० च्या महाभयंकर वणव्यानंतर तिथे आगीचा धसका बसला आणि १९३५ मध्ये नियम आला की कुठलीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझलीच पाहिजे. काही दशकं नियम "यशस्वी" झाला, जंगलात इंधन साठत गेलं, आणि सत्तरच्या दशकात त्यांना तो सोडावा लागला. उलट ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला पश्चिम आर्नहेम लँडमध्ये २००६ पासून तिथल्या आदिवासींच्या पारंपरिक पद्धतीने, कोरड्या हंगामाच्या सुरुवातीलाच, तुकड्या-तुकड्यांत जाळलं जातं. त्यामुळे हंगामाच्या शेवटचे मोठे वणवे कमी झाले.

लांब कशाला जा, कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिगा आदिवासी थंडी सरताना हलकी पाचोळ्याची आग लावायचे. १९७४ मध्ये अभयारण्य झालं, आगीवर बंदी आली. सोलिगा सांगतात की त्यानंतर घाणेरी (लँटाना हो, आपली टणटणी) माजली, आवळ्यावर बांडगुळं चढली. आणि घाणेरीच्या त्या जाळीला उन्हाळ्यात आग लागली की ती सोलिगांच्या आगीसारखी रांगत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा आक्षेप. "नियंत्रित आग निसटली तर?" निसटते. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोत वनखात्यानेच लावलेली आग वसंतातल्या वाऱ्यात हाताबाहेर गेली, दुसऱ्या एका आगीला मिळाली, आणि ३ लाख ४१ हजार एकर जळालं. त्या राज्याच्या नोंदलेल्या इतिहासातला सर्वात मोठा वणवा. ती दुसरी आगही जानेवारीत वनखात्यानेच पेटवलेल्या लाकडाच्या ढिगाऱ्यांत महिनोन् महिने धुमसत राहिली होती. हे लपवण्यात अर्थ नाही. पण यातून "कधीच जाळू नका" हा धडा निघत नाही. निघतो तो असा की वाऱ्याच्या महिन्यात जाळू नका आणि शेवटचा निखारा थंड झाल्याशिवाय घरी जाऊ नका. प्रॉडक्शन सर्व्हरवर एक डिप्लॉयमेंट फसली म्हणून आपण डिप्लॉयमेंट बंद करत नाही. चेकलिस्ट लावतो, छोट्या तुकड्यावर करून बघतो, मागे फिरायची सोय ठेवतो.

आणि गंमत म्हणजे आपलं वनखातं हे काम आधीपासून करतंच! जाळरेषा म्हणजे दुसरं काय? आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो, त्याआधी पट्टे कापून ते मुद्दाम जाळायचे, म्हणजे पुढे आलेली आग तिथे अडेल. म्हणजे प्रश्न "जाळायचं की नाही" हा नाहीच. कुठे, कधी, किती आणि कोणाच्या संमतीने, एवढाच आहे.

मग हे वाढत का नाही? कारण जो वनअधिकारी डिसेंबरात दहा एकर जाळेल आणि त्यातली दोन एकर निसटेल, त्याची चौकशी लागणार. जो काहीच करणार नाही आणि एप्रिलमध्ये ज्याचे पाचशे एकर जळतील, तो "अज्ञात इसम" लिहून सुटणार. आपणही पहिल्याचे फोटो व्हायरल करणार आणि दुसऱ्याबद्दल हळहळणार. कृतीला शिक्षा आणि निष्क्रियतेला माफी असेल तर कोणत्या ऑफिसात काम होतं, सांगा बघू?

आपला आवडता तोडगा म्हणजे तंत्रज्ञान. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहावरून आगीच्या सूचना पाठवते, २०१७ पासून ३७५ मीटरच्या बारकाव्याने. उत्तम सोय आहे, माझ्याही मोबाईलवर आहे. पण अलर्ट आला म्हणजे आग लागून गेलेली असते. मॉनिटरिंग म्हणजे मेंटेनन्स नव्हे, हे आपल्या क्षेत्रातल्या लोकांना तरी सांगावं लागू नये.

आता सगळ्यात कडू भाग. आमची टेकडी मुळात "उजाड" नव्हतीच. कुसळी आणि मारवेलीचा तो माळ होता, आम्ही त्याला रिकामी जागा समजलो. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये जुन्या मराठी साहित्यातले, अगदी तेराव्या शतकापासूनचे, वनस्पतींचे उल्लेख तपासून दाखवलं की पश्चिम महाराष्ट्रातले हे गवताळ माळ काही कालपरवा जंगल तोडून झालेले नाहीत, ते शेकडो वर्षांपासून आहेत. अशा माळावर ग्लिरिसिडियाची रोपं ओळीने लावायची, मग त्यांच्यासाठी गवत राखायचं, मग गवत पेटलं की गावाला शिव्या द्यायच्या. हा आमचा सहा वर्षांचा पर्यावरणवाद.

उलट टोकालाही जाऊ नका. भीमाशंकरसारखी सदाहरित रानं, देवराया, घळीतली झाडी इथे आग कधीच नको, थंडीतसुद्धा नको. मी बोलतोय ते गवताळ उतारांबद्दल आणि कोरड्या पानगळीच्या रानाबद्दल. आणि तिथेही पहिला उपाय विळा, दुसरा गुरं, काडी तिसरी.

माझं मागणं चार ओळींचं आहे. दिवाळीनंतर गवत कापून न्यायला गावाला हक्काने परवानगी द्या. कुठला तुकडा यंदा जाळायचा आणि कुठला राखायचा हे वनखातं आणि ग्रामसभा मिळून डिसेंबरात ठरवू दे, आळीपाळीने. (२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांना जंगल राखायचा अधिकार आहेच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर झुडपं छाटली आणि जाळली जातात म्हणून तेंदूपानांचं उत्पन्नच सोडून दिलं. गावांना अक्कल नसते असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) माळावर झाडं लावणं थांबवा. आणि सीएसआरचा पैसा रोपांऐवजी हंगामी अग्निरक्षकांच्या बुटांवर, पगारावर आणि विम्यावर खर्च करा.

शेवटचा मुद्दा आपल्या जिवाचा. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वाळक्या गवताच्या उतारावर वणव्यात सापडून वीसहून जास्त ट्रेकर्स गेले. बरेचसे आपल्यासारखेच, वीकेंडला निघालेले. पळणाऱ्या आगीपुढे माणूस चढावर पळू शकत नाही.

या नोव्हेंबरात आमच्या ग्रुपने खड्डे खणले नाहीत. वनखात्याची परवानगी काढली, मामांकडून विळा धरायला शिकलो (माझ्या बोटाला दोन टाके पडले, मामा अजून हसतायत) आणि कुंपणाच्या आतून तीन टेम्पो गवत गावाच्या गोठ्यांत गेलं. काडी अजून लावलेली नाही, तेवढी परवानगी मिळालेली नाही. फोटोही फारसे चांगले आले नाहीत, कापलेल्या गवतात दिसण्यासारखं काही नसतं.

पण मार्चमध्ये ठिणगी पडलीच, तर आग निदान रांगेल. तुमच्या टेकडीवर गवत किती उंच आहे, या शनिवारी जाऊन एकदा बघून या.