विश्लेषण : घरचे इंटरनेट संथ... कंपनी बदलण्याआधी काय तपासाल?

पिंपरी-चिंचवडमध्ये घरून काम करणारे, ऑनलाइन परीक्षा देणारे विद्यार्थी आणि चाकणला पाळीत काम करणाऱ्यांची कुटुंबे यांची एक तक्रार सारखीच असते. प्लॅन १०० एमबीपीएसचा, पण रात्री व्हिडीओ अडखळतो. मग नवी जोडणी, पुन्हा अनामत, पुन्हा काही महिन्यांचे आगाऊ पैसे. मात्र दोष घरातल्या वाय-फायचा किंवा गल्लीतल्या केबलचा असेल, तर कंपनी बदलूनही फरक पडत नाही.

वेग कसा मोजायचा?

मोबाइलवरच्या चाचणीत वाय-फायचा दोषही मिसळलेला असतो. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा, इतर उपकरणे बंद करा. तीन दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास वेग मोजून स्क्रीनशॉट ठेवा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. डाउनलोड मात्र बहुधा मेगाबाइटमध्ये दिसते आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. त्यामुळे तिथे १२.५ चा आकडा दिसला, तर वेग पूर्ण आहे.

दोष घरात आहे का?

केबलवर वेग पूर्ण आणि वाय-फायवर कमी, तर दोष घरातच. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंती ओलांडतो, पण सोसायटीत त्यावर शेजाऱ्यांच्या राउटरचीही गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंतींपलीकडे क्षीण होतो. राउटर टीव्हीमागून काढून घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवा. जुन्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असेल, तर ३०० चा प्लॅन वाया जातो.

गल्लीत आहे का?

फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा असेल, तर सिग्नलच येत नाही. दिवा ठीक, पण केबलवरही वेग कमी असेल, तर तंत्रज्ञाला ‘ऑप्टिकल पॉवर’ मोजायला सांगा. उणे २७ डीबीएमपेक्षा क्षीण सिग्नल म्हणजे फायबर दबलेली, वाकलेली किंवा जोड खराब. फक्त रात्रीच वेग पडत असेल, तर आधी डेटा मर्यादा संपली नाही ना ते पाहा. ती शिल्लक असेल, तर केबलचालकाच्या वाहिनीवर गर्दी असण्याची शक्यता अधिक. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली, की तुमच्याकडे यूपीएस असूनही इंटरनेट बंद पडते का? मग केबलचालकाच्या यंत्रणेला बॅकअप नसावा.

नवी कंपनीही त्याच केबलचालकामार्फत येणार असेल, तर गर्दी तीच आणि तुटणारी केबलही तीच. त्यामुळे हे आधी विचारा. रस्ते खोदताना केबल तुटू नयेत म्हणून केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले. मात्र खोदणाऱ्याने आधी नोंद केली, तरच त्याचा उपयोग.

तक्रार कुठे?

कंपनीकडे तक्रार करून डॉकेट क्रमांक घ्या. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार, समाधान न झाल्यास ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते. तिथे ते स्क्रीनशॉट उपयोगी पडतील.

बदलायचेच ठरले तर?

मोबाइल क्रमांकासारखी ब्रॉडबँड जोडणी ‘पोर्ट’ होत नाही. नव्या कंपनीचा एकाच महिन्याचा प्लॅन घ्या, रात्री नऊला वेग मोजा आणि मगच जुनी जोडणी बंद करा. राउटर परत केल्याची पावती मात्र जपून ठेवा. अनामत मिळवताना तीच कामी येते.