वाकलेली पाठ

शाळेच्या वर्गात आणि घराच्या ओसरीवर दिवसातून अनेकदा ऐकू येणारी एक आज्ञा आहे : "पोक काढू नकोस, ताठ बैस!" ही आज्ञा कानी पडताच मूल दचकते, छाती पुढे काढते, खांदे मागे ओढते आणि क्षणभर एखाद्या शिपायासारखे दिसू लागते. परंतु चार-दोन मिनिटे लोटतात न लोटतात तोच पाठ पुन्हा पहिल्यासारखी वाकते. मग आज्ञेमागून राग येतो आणि रागामागून थट्टा येते. सोबती त्या मुलाला 'कुबड्या' म्हणून हाक मारू लागतात, आणि असले नाव एकदा चिकटले की ते वर्षानुवर्षे सुटत नाही. वाकलेल्या पाठीला यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. तिला गरज असते ती जाणतेपणाची. आणि जे दिसते त्याला योग्य नाव देणे ही जाणतेपणाची पहिली पायरी होय.

पहिला गैरसमज 'ताठ' या शब्दातच दडलेला आहे. काठी ताठ असते तसा पाठीचा कणा ताठ नसतो, आणि तो तसा असूही नये. माणसाच्या कण्यात मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ सुटे मणके एकावर एक रचलेले असतात. त्यांच्या खाली त्रिकास्थी व माकडहाड असते. तेथील मणके वाढत्या वयात एकमेकांस जुळून जातात. हा कणा पाठीमागून पाहिला तर सरळ दिसतो. परंतु बाजूने पाहिला तर त्यात चार वळणे आढळतात. मानेशी तो पुढे झुकतो, पाठीशी मागे जातो, कमरेशी पुन्हा पुढे येतो आणि त्रिकास्थीशी पुन्हा मागे वळतो. नवजात बालकाचा कणा मात्र धनुष्यासारखा एकाच बाजूला वाकलेला असतो. बालक मान सावरू लागते तेव्हा मानेचे वळण ठळक होते. ते बसू, उभे राहू आणि चालू लागते तेव्हा कमरेचे वळण आकार घेते. ही वळणे म्हणजे दोष नव्हेत; ती तर बालकाने धडपडून मिळविलेली कमाई आहे. धावताना आणि उडी मारताना बसणारे हिसके कणा सोसू शकतो, तो या वळणांमुळेच.

ही वळणे मर्यादेबाहेर वाढली किंवा कणा भलत्याच दिशेला वळला, म्हणजे मगच त्याला दोष म्हणावयाचे. पाठीचे वळण फाजील वाढून पाठ गोलाकार दिसू लागली, तर त्या स्थितीला 'कुब्जता' म्हणतात. डॉक्टर तिला 'कायफोसिस' म्हणतात. कमरेचे वळण अधिक खोल होऊन पोट पुढे आले, तर ती 'अग्रकुब्जता', म्हणजेच 'लॉर्डोसिस'. कणा डावीकडे किंवा उजवीकडे वळला आणि मणके स्वतःभोवती थोडे पिळले गेले, तर ती 'पार्श्वकुब्जता', म्हणजेच 'स्कोलिओसिस'. डॉक्टरांचे हे तिन्ही शब्द मूळच्या ग्रीक भाषेतून आले आहेत, आणि त्यांपैकी एकही शिवी नाही. हे शब्द पाठीविषयी बोलतात, माणसाविषयी नव्हे. 'कुबड्या' हा शब्द मात्र माणसाला हिणवितो, आणि पाठीविषयी काहीच सांगत नाही.

योग्य नावाचा लाभ केवळ सभ्यतेपुरता नाही. एकाच वर्गात दोन मुलांच्या पाठी वाकलेल्या दिसतात; पण त्या दोन्ही सारख्याच असतात असे नाही. एकाला उभे राहून पाठ सरळ करावयास सांगितले, तर ती सहज सरळ होते. त्याचे मणके निर्दोष आहेत; सवय तेवढी वाईट आहे, किंवा स्नायू थकले आहेत. दुसऱ्याच्या मणक्यांचाच आकार बदललेला असतो. त्याने कितीही मनावर घेतले तरी ते वळण जात नाही. अशा मुलाला दिवसातून शंभर वेळा टोकणे म्हणजे न केलेल्या अपराधाबद्दल शंभर वेळा शिक्षा करणेच होय.

पार्श्वकुब्जतेच्या बाबतीत तर हा अन्याय अधिकच होतो. वयाच्या दहाव्या वर्षानंतर उंची झपाट्याने वाढू लागते, त्या काळात ती बहुधा नजरेस येते. बहुतेक मुलांत तिचे निश्चित कारण सापडत नाही. वाकडे बसल्याने किंवा दप्तर एकाच खांद्यावर घेतल्याने कणा असा वळतो, हा समज खरा नाही. एक खांदा दुसऱ्याहून उंच दिसणे, किंवा पुढे ओणवे झाल्यावर पाठीची एक बाजू वर आलेली दिसणे, ही तिची लक्षणे होत. अशा वेळी डॉक्टर क्ष-किरणांच्या चित्रावर कण्याचा कोन मोजतात. ही रीत जॉन कॉब या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली मांडली. कोन निदान १० अंशांचा असेल, तरच त्या वळणाला पार्श्वकुब्जता म्हणतात. वेळीच लक्षात आले, तर पुष्कळ मुलांच्या बाबतीत कमरपट्ट्यासारखे साधन वापरून वळण वाढण्यास आळा घालता येतो. परंतु थट्टेला भ्यालेले मूल आपली पाठ सैल सदऱ्याखाली लपविते, आईलाही दाखवीत नाही, आणि उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. सोबत्यांचे हसणे एखाद्याला किती महाग पडू शकते, याचे हे उदाहरण आहे.

पाठ सवयीने वाकत असेल, तरीही रागावण्यापूर्वी तिच्या अवतीभवती पाहावे. बाक इतका उंच तर नाही ना, की पाय अधांतरी लोंबावेत? फळ्यावरील अक्षरे नीट दिसत नाहीत म्हणून तर मान पुढे येत नाही ना? मोठ्या माणसाच्या डोक्याचे वजनच चार-पाच किलो असते. मोबाईल मांडीवर ठेवून तासन् तास खाली पाहणाऱ्याच्या मानेला तो भार सारखा पेलावा लागतो. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असे भारत सरकारच्या २०२० सालच्या दप्तरविषयक धोरणात सांगितले आहे. ३५ किलो वजनाच्या मुलाने साडेतीन किलोंहून अधिक ओझे वाहू नये, असा त्याचा अर्थ. त्याहून दुप्पट ओझे मुलाच्या पाठीवर लादावयाचे आणि त्यालाच ताठ चालावयास सांगावयाचे, हा कोणता न्याय?

टोकल्यावाचून मुलांना शिस्त लागत नाही, असे काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे असते. त्यात तथ्य नाही असे नव्हे. सवय जडते तशी ती प्रयत्नाने मोडताही येते, आणि तो प्रयत्न ज्याचा त्यानेच करावयाचा असतो. परंतु लाकडी बाहुलीसारखे ताठ बसून राहणे ही शिस्त नव्हे. शरीर हालचालीसाठी घडलेले आहे. अर्ध्या तासाने उठावे, चार पावले चालावे, हातपाय ताणावेत. सायंकाळी धावावे, पोहावे किंवा मल्लखांबावर चढावे. बळकट झालेले स्नायू पाठीला सावरतात. त्यांना आज्ञेची आठवण द्यावी लागत नाही.

काही पाठी मात्र उपचारांनीही पूर्ण सरळ होत नाहीत. भाषेत 'कणा' हा शब्द स्वाभिमानासाठीही वापरतात. म्हणून वाकलेल्या पाठीच्या माणसाचे मनही दुबळे असेल, असे उगाच वाटू लागते. महाभारतातील अष्टावक्राचे शरीर आठ ठिकाणी वाकडे होते. तरी बालवयातच त्याने जनक राजाच्या यज्ञात बंदी नावाच्या गर्विष्ठ पंडिताला वादात जिंकले. शरीराचा कणा आणि मनाचा कणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

इ. स. १७४१ मध्ये पॅरिसच्या निकोला आंद्री या वैद्याने मुलांच्या शरीरातील व्यंगांवर एक ग्रंथ लिहिला. 'सरळ' आणि 'मूल' अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने आपल्या विद्येला नाव दिले. अस्थिरोगांच्या शास्त्राला आजही त्याच नावाने ओळखतात. त्या ग्रंथात एक चित्र आहे : वाकड्या खोडाचे एक झाड एका सरळ खुंटाला दोराने बांधलेले आहे. पाहणाऱ्याची दृष्टी बहुधा दोराकडे जाते. पण खुंटाकडेही पाहावे. तो झाडाला हसत नाही, त्याच्यावर रागावत नाही. तो त्याच्या शेजारी उभा राहतो. वाकलेल्या पाठीच्या मुलाला घराने, शाळेने आणि सोबत्यांनी द्यावयाचा तो हाच आधार होय.