देऊळ फिरलं, ग्रिड फिरेना

आमच्या हिंगोली जिल्ह्यात हल्ली अभंगाचा वेग आधी ठरतो आणि अभंग नंतर गायला जातो. कुठल्याही छोट्या स्टुडिओत जा. भिंतींना फोम चिकटवलेली खोली, एक माइक, एक काँप्युटर. गायक आला की पहिला प्रश्न, ‘महाराज, टेम्पो किती ठेवायचा?’ महाराज गोंधळतात. त्यांच्या आयुष्यात एक अभंग एका वेगात कधी बसलेलाच नसतो. मग ऑपरेटर दोन-तीन वेग वाजवून दाखवतो, महाराज एकाला मान डोलावतात, आणि तो आकडा पुढची सात मिनिटं जागचा हलत नाही. कानात क्लिक, पडद्यावर समान अंतरावर उभ्या रेघा. या रेघांना ग्रिड म्हणतात. टाळ, मृदंग, पेटी, सगळ्यांनी त्या रेघांवर पडायचं. जो पडत नाही त्याला माउसने ओढून रेघेवर बसवतात, आणि त्याला म्हणतात क्वांटाइझ.

कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे: काँप्युटरला तसंच लागतं.

हे साफ खोटं आहे. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे यंत्राच्या नावावर खपवलेल्या सबबी मला लगेच ओळखू येतात. वाद्यांनी आणि काँप्युटरने एकमेकांशी बोलायची मिडी नावाची भाषा १९८३ साली आली. तिच्या फाइलचा प्रमाण नमुना १९८८ सालचा. त्या फाइलमध्ये वेग लिहायची सोय अशी आहे की एक ठोका किती मायक्रोसेकंदांचा, हे गाण्यात कुठेही, हवं तितक्या वेळा सांगता येतं. दर मात्रेला वेग बदला, फाइल कुरकुरत नाही. मिनिटाला १२० ठोके आणि ठोक्याला ४८० टिक धरले तर एक टिक जेमतेम एक मिलिसेकंदाचा होतो. इतक्या बारीक मापाचं यंत्र हाताशी असताना आपण त्याचा वापर फूटपट्टीसारखा करतो आहोत.

मग १२० आणि चार-चारचे गट येतात कुठून? फाइलमध्ये काहीच सांगितलं नाही तर तेच धरायचं, असं नमुन्यात लिहिलंय म्हणून. म्हणजे तो डीफॉल्ट आहे. आणि डीफॉल्ट बदलायला कोणी जात नाही, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित. तालाची खूण लिहितानाही तिथे अपूर्णांक लिहिल्यासारखे दोन आकडे टाकायचे, आणि खालचा आकडा दोनाचा घातच हवा. झपतालाचे दहा मोजून घालता येतात, पण दोन-तीन-दोन-तीन असे खंड आणि मधली खाली सांगायला तिथे जागा नाही. ही मर्यादा खरी आहे, तिच्याबद्दल भांडावं. वेगाबद्दल मात्र यंत्राला दोष देता येत नाही.

आता भजनात लय नेमकी काय करते ते बघा. ‘रामकृष्णहरी’ संथ. अभंगाचं ध्रुवपद ठाय लयीत. टाळकरी ते उचलतात, मृदंग उठान घेतो, आणि लय एक पायरी चढते. तिथे दोन-चार आवर्तनं थांबते, पाय रोवते. मग पुढची पायरी. दुगुन होते, पावली वाढते, टाळांचा कल्लोळ होतो, आणि गायक नवा चरण घेतो तेव्हा सगळं पुन्हा ठायीवर उतरतं. समजा ७० वर सुरू झालेलं ध्रुवपद १४० ला पोचलं, तर ८५७ मिलिसेकंदांची मात्रा ४२९ ची झाली. काही हुशार ऑपरेटर हे ऐकून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तिरकी रेघ ओढून देतात. त्याने भजन चढत नाही, गिअर नसलेली मोपेड घाट चढावी तसं काहीतरी होतं. पायऱ्या आणि उतार यांतला फरक ज्याला ऐकू येत नाही त्याने निदान पडद्यावर तरी बघावा.

आणि लय वाढवतं कोण? मृदंगवाल्याला विचारा, तो विणेकऱ्याकडे बोट दाखवेल. विणेकरी टाळकऱ्यांकडे. टाळकरी म्हणतील, महाराजांनी हात केला. हे उत्तर टाळणं नव्हे. लय त्यांनी मिळून ठरवलेली असते, एका वेळी एका चरणापुरती. स्टुडिओत तो निर्णय काँप्युटरसमोर बसलेला एकटा माणूस घेतो, तोही कोणी गायच्या आधी.

टाळांची कथा तर आणखी वाईट. वीस टाळकरी दोन रांगांत उभे असतात. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवरच्या टाळकऱ्याला मृदंग सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. शिवाय जो तो शेजाऱ्याचं ऐकून वाजवतो. त्यामुळे वीस टाळांचा ठोका म्हणजे एक बिंदू नसतो, त्याला रुंदी असते. तीच आपल्याला भरदार वाटते. स्टुडिओत एकाच टाळाचा आवाज वीसदा चिकटवतात. वीस अगदी सारख्या प्रती एकाच क्षणी वाजल्या की वीस टाळ होत नाहीत, एकच टाळ २६ डेसिबलने मोठा होतो. मग ‘ह्यूमनाइझ’ नावाचं बटण दाबतात. ते प्रत्येक ठोका सोंगट्या टाकल्यासारखा मागेपुढे करतं. माणसं अशी चुकत नाहीत हो. ती एकमेकांच्या मागे जातात, एकाने ओढलं की बाकीचे ओढले जातात.

क्वांटाइझचा आणि स्विंगचा प्रसार रॉजर लिन यांच्या १९८० च्या एलएम-१ या ड्रम मशीनपासून झाला. नाचायच्या संगीतासाठी ती कल्पना उत्तम होती, आजही आहे. डीजेवरच्या गाण्याला माझी काडीचीही हरकत नाही. हरकत आहे ती नरसीच्या जिल्ह्यात अभंगाला तीच फूटपट्टी लावण्याला.

नरसी म्हणजे परंपरेनं नामदेवांचं जन्मस्थान मानलेलं कयाधूकाठचं गाव. तिथून जवळच औंढा नागनाथ. नामदेवांना देवळासमोर भजन करू दिलं नाही, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना पाठ असते. कोणी चमत्कार मानो वा न मानो, गोष्टीत कोणी कोणासाठी वळायचं हे स्पष्ट आहे. आता माउसने हलणाऱ्या रेघा हलवायचा आम्हाला कंटाळा येतो, म्हणून गाणारा वळतो.

‘काँप्युटर आला आणि संगीताचा आत्मा गेला’ म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. त्यांना काहीच शिकायचं नसतं, फक्त सुस्कारा सोडायचा असतो. आत्मा वगैरे जाऊ द्या, इथे प्रश्न साधा हिशोबाचा आहे. क्लिक असली की प्रत्येक वादक वेगळ्या दिवशी बोलावता येतो. एक आवर्तन छान वाजलं की ते चाळीसदा चिकटवता येतं. मृदंगवाला अर्ध्या तासात मोकळा होतो आणि पुढच्या वेळी त्याला बोलवावंही लागत नाही, कारण त्याचं आवर्तन साठवलेलं असतं. हे ‘काँप्युटरला लागतं’ म्हणून नाही, स्वस्त पडतं म्हणून. तसं सरळ सांगा.

त्याची किंमत पुढे दिसते. मोबाईलवर असले ट्रॅक लावून अभंग बसवणारी मुलं मला गावोगाव भेटतात. आवाज गोड, सूर पक्का. त्यांना हरिपाठात उभं करा. मृदंगाने उठान घेतला की ती बावचळतात, लय आपल्याला विचारून वाढणार आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

करायचं काय, तर क्रम उलटा करायचा. मृदंग, वीणा, गायक आणि निदान चार टाळकरी एकाच खोलीत, एकाच वेळी, क्लिकशिवाय. ते वाजवतील ते वाजवतील. मग रेकॉर्डिंगवर प्रत्येक समेला खूण करायची आणि ग्रिडच्या रेघा त्या खुणांवर आणून बसवायच्या. याला टेम्पो मॅप म्हणतात. रीपरमध्ये होतो, लॉजिकमध्ये होतो, एबलटनमध्येही होतो. सात मिनिटांच्या अभंगाला सरावाच्या माणसाची एक रात्र जाईल. त्यानंतर बासरी, सतार, काय हवं ते वेगळ्या दिवशी बोलवा, ते त्या चढत्या-उतरत्या रेघांवर वाजवतील. खर्च थोडा वाढेल, आणि जो वाढेल तो मृदंगवाल्याला आणि टाळकऱ्यांना मिळेल. आज ते पैसे लूपच्या पॅकवर जातात.