पुलगावचे कुंपण, संसदेची नजर

पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार देशातले सर्वांत मोठे. 31 मे 2016 रोजी मध्यरात्रीनंतर तिथे आग भडकली, शेजारच्या आगरगावचे लोक अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडले. ती दुर्घटना होती. पण अशा ठिकाणांवर परकी हेरांचा डोळा असणारच, आणि आता त्यांना कुंपण ओलांडावे लागत नाही. 2018 मध्ये नागपूरच्या ब्राह्मोस प्रकल्पातल्या अभियंत्याला अटक झाली, तेव्हा आरोप बनावट फेसबुक खात्यांवरून झालेल्या संपर्काचा होता. त्यांना रोखायला आपल्या गुप्तचरांना माणसे, साधने हवीतच. मात्र त्यांच्यावर संसदेची नजरही हवी; इंटेलिजन्स ब्युरो आणि 1968 पासूनची रॉ आजही संसदेच्या स्वतंत्र कायद्याविना चालतात. 26/11 च्या मुंबई हल्ल्यानंतर राष्ट्रीय तपास संस्थेसाठी (एनआयए) कायदा झाला. तसा यांच्यासाठीही व्हायला हवा. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हे जरूर विचारा.